जांगड आणलेलं कुत्रं

यंदाच्या लग्नसराईत मी एक लहानसा निर्णय घेतला: एक कुत्रं जांगड आणायचं.

जांगड म्हणजे काय, हे कापडवाल्याला सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगतो. साड्या घरी न्या, म्हाताऱ्या माणसांना दाखवा, नवरीच्या अंगाशी धरून बघा, पसंत नसतील तर परत आणा. अट एकच, घडी मोडायची नाही. घडी मोडली की साडी तुमची. भोकरदनच्या बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान या एका अटीवर उभं आहे. माझं शिक्षणही तिथंच, गादीवर बसून झालं. दारात आलेली बाई साडी घेणार की नुसती पंख्याची हवा खाऊन जाणार, हे मी तिच्या चपला काढायच्या पद्धतीवरून सांगतो. (घरातल्या बाईचं मात्र आजवर काहीच सांगता आलेलं नाही.)

कुत्र्याची गरज पडली ती आमच्या लेकीमुळे, इंद्रायणीमुळे. इंदू यंदा चौथीत गेली. गिऱ्हाइकाशी मोठ्या माणसासारखी बोलते, पण कुत्रं म्हटलं की पोरगी पांढरीफटक पडते. कॅलेंडरच्या एका पानावर कुत्र्याचं चित्र होतं, तर तिनं तो महिनाच उलटा करून टांगला. त्यापायी आमच्या घरात एक एकादशी चुकली. शाळेच्या वाटेवर गल्लीतली कुत्री बसलेली असतात, म्हणून ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी मी तिला स्कूटरवर सोडायचो. तरी ती डोळे मिटून, माझा शर्ट मुठीत धरून बसायची.

उन्हाळ्याच्या सुटीत ती जालन्याला मावशीकडे राहून आली आणि म्हणाली, "पप्पा, मला मावशीकडंच ठेवा. तिसऱ्या मजल्यावर कुत्रं येत न्हाई."

मी हसलो. पण तिची आई, साधना, हसली नाही. "जूनमध्ये तिचं नाव तिकडंच टाकू," ती म्हणाली. "लेकरू रोज थरथर कापतंय. मला न्हाई बघवत आता."

झालं. इंदू शाळेतून आली की दुकानात बसायची, आलेल्या बायांना "मावशी, पाणी घ्या आधी" म्हणायची. ती नसलेल्या दुकानाचा विचार केला, तर नुसतं कापड उरत होतं.

अशात धावड्याचे सांडूभाऊ लेकीच्या लग्नाच्या साड्या न्यायला आले. त्यांचे वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. आता सांडूभाऊंची शेती आहे, मेंढरं नावाला.

"सांडूभाऊ, एखादं शांत कुत्रं हाय का तुमच्याकडं?"

"शांत पाहिजे तर फोटू लावा शेठ. कुत्रं कशाला?"

"पोरीची भीती घालवायची हाय."

"मंग हाय एक. मेंढरामागचं हाय. फुटलेलं मेंढरू बराबर वळवून आणतंय. आता मेंढरं कमी झाली, तर दिवसभर कोंबड्या गोळा करून राह्यलंय."

"जांगड द्या. जमलं तर ठेवतो, न्हाई तर बाजाराच्या दिवशी परत."

सांडूभाऊंनी साड्यांचा गठ्ठा काखेत मारला. "म्या तुमच्या साड्या जांगड न्यायच्या अन् तुम्ही माझं कुत्रं. चालतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जीपमधून कुत्रं उतरलं. अंगानं दांडगं, रंग न धुतलेल्या मांजरपाट कापडासारखा. नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला? 'हिकडं' म्हणलं की येतंय." बांधायला मी काय द्यावं? साखळी घरात नव्हती, म्हणून साड्यांच्या उरलेल्या काठांची वेणी घालून दिली. कापडवाल्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? सांडूभाऊंनी त्या वेणीनं कुत्रं मागच्या अंगणात बांधलं आणि गेले.

आमचं घर दुकानाच्या वरच आहे. इंदू जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन रडायला लागली.

"परत करा त्याला. जल्दी परत करा."

"अगं, विकत न्हाई आणलं. जांगड आणलंय."

रडणं थांबलं. शेवटी व्यापाऱ्याची लेक. "कधीपर्यंत?"

"बाजाराच्या दिवसापर्यंत."

"अन् घडी मोडली तर?"

"तर ठेवावं लागंल," मी मोठ्या हुशारीनं म्हणालो.

"मंग कुणीच हात लावायचा न्हाई त्याला. बिलकुल न्हाई. तुम्हीबी."

माझ्याच कात्रीनं माझंच कापड कापलं गेलं. कुत्र्याशी पोरीची ओळख करून द्यायची, तर कुत्र्याला हातच लावायचा नाही. साधना लगेच बाजूला झाली. "मीबी जवळ जायची न्हाई. उद्या म्हणाल, साधनानं घडी मोडली."

मग भाकरी घालायचं काम माझ्याकडे आलं. कापड मोजायच्या लोखंडी गजानं मी ताटली पुढे ढकलायचो. हे निव्वळ नियम पाळायचा म्हणून. (गजाला आणखी एक गज बांधला, ती गोष्ट वेगळी.)

साधना खिडकीतून बघायची. "पोरीची भीती घालवू राह्यलेत, का तिच्याशी वाटून घेऊ राह्यलेत?"

इंदूही बघायची. जिन्यावरून, रोज. कुत्रं बसलं की ती बसायची, ते उठलं की ती एक पायरी वर.

बाजाराच्या आदल्या दिवशी सगुणाबाई लग्नाचा बस्ता काढायला आल्या. सोबत घरातल्या सगळ्या बाया आणि एक चिमुकली नात. असं गिऱ्हाईक म्हणजे अख्खा हंगाम. मी साड्यांचा डोंगर घातला. तेवढ्यात सगुणाबाई उठल्या. "समोरच्या दुकानातबी जरा बघून येतो."

नेमकी त्याच वेळी मागं काठांची वेणी तुटली. (काठ चांगला असला तरी कुत्र्यासाठी विणलेला नसतो.) कुत्रं दुकानात आलं. बाया किंचाळून चारी दिशांना पांगल्या. हे बघून कुत्र्याच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी फक्त लग्नसराईत, आरशात स्वतःच्याच डोळ्यांत बघितली आहे. कितीतरी दिवसांनी त्याला काम मिळालं होतं.

ते भुंकलं नाही, चावलं नाही. डोक्यानं ढुशी देऊन एकेकीला वळवत त्यानं अख्खा बस्ता गादीवर आणून बसवला. सगुणाबाई उंबऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. त्यांनाही वळवून आणलं.

"शेठ," त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक बसवायची ही नवीन पद्धत का तुमची?"

"मावशी, आता बसलातच तर पैठणी बघून घ्या," मी म्हणालो. काउंटरवर उभा राहून म्हणालो. तिथं कधी चढलो, ते मला आजही आठवत नाही.

सगळं ठीक होतं, पण ती चिमुकली रडायला लागली. कुत्रं तिला हुंगायला लागलं, तशी ती आणखी रडली. तिची आजी बायांच्या गर्दीत अडकलेली, बाया साड्यांत अडकलेल्या. उतरायला मीच हवा होतो. पाय उतरेनात.

जिन्यावर इंदू उभी होती. ओठ कोरडे पडलेले, कठडा घट्ट धरलेला. आता ही वर पळणार, उद्या कुत्रं धावड्याला जाणार आणि जूनमध्ये पोरगी जालन्याला, हे मला काउंटरवरून स्वच्छ दिसलं.

इंदू एक पायरी खाली आली. मग आणखी एक.

"रडू नको," ती त्या पोरीला म्हणाली. आवाज कापत होता, पण बोलणं दुकानातलं होतं. "ते चावत न्हाई. गोळा करतं फक्त. तू एका जागी बस, मंग तेबी बसतं."

पोरगी काही थांबेना. इंदूनं डोळे मिटले आणि बारीक आवाजात म्हणाली, "हिकडं."

कुत्रं वळलं. तिच्याकडे गेलं. इंदूनं मिटल्या डोळ्यांनीच हात पुढे केला. हात कुत्र्याच्या मानेवर टेकला. कुत्र्यानं सुस्कारा टाकला आणि आपलं सगळं वजन घेऊन ते तिच्या पायावर बसलं.

इंदूनं आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"पप्पा," ती म्हणाली, "घडी मोडली."

मी व्यापारी माणूस आहे. पण त्या क्षणी सगुणाबाईंनी जो भाव मागितला त्याला मी हो म्हणालो. (त्या माझ्यापेक्षा पक्क्या. त्यांनी सगळ्या बायांचे परकरही त्यातच बसवले.) साधनानं त्याच दुपारी बहिणीला फोन लावला. "आक्का, न्हाई येत ती आता. आमच्याकडं कुत्रं आल्तं, ते ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी सांडूभाऊ आले, तर गादीवर इंदू आणि गादीखाली कुत्रं.

"काका, माल परत व्हायचा न्हाई. घडी मोडलेली हाय."

माझा हात खिशाकडे गेला. सांडूभाऊंनी तो वरच्या वर धरला. "आमच्यात कुत्रं इकत न्हाईत शेठ. लेकीला दिलं." मग इंदूकडे वळून म्हणाले, "नाव ठिवलं का न्हाई?"

"मांजरपाट."

कुत्र्याच्या नावात मांजर ठेवणारी पोरगी आता कशालाही घाबरणार नाही, अशी माझी खात्री पटली. पुढचे काही दिवस मी बाजारपेठेत छाती काढून फिरलो. लेकराची भीती घालवायची असेल तर जांगडाची पद्धत कशी वापरावी, हे मी अडत्यांना सांगितलं, शिंप्यांना सांगितलं, साड्या न घेता निघालेल्या गिऱ्हाइकांनाही थांबवून सांगितलं.

शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी सवयीनं स्कूटर काढली, तर इंदू दप्तर पाठीला लावून, मांजरपाटला घेऊन पायी निघालीसुद्धा. ऊर भरून आला. म्हटलं, हे दृश्य मागून बघावं. स्कूटर हळू चालवत मागं निघालो. गल्लीतली कुत्री बसल्या जागी होती. त्यांनी इंदूला जाऊ दिलं, मांजरपाटला जाऊ दिलं आणि मग सगळी मिळून स्कूटरच्या मागं लागली.

मी दोन्ही पाय वर घेतले. स्कूटर बंद पडली. मी सीटवर उभा राहिलो, बहुधा.

इंदू मागं वळली. "मांजरपाट," ती शांतपणे म्हणाली, "आण त्यांना."

मांजरपाटनं गल्लीतली कुत्री हुसकली, मला स्कूटरवरून उतरवलं आणि गुडघ्यामागं ढुशा देत भर बाजारातून शाळेच्या फाटकापर्यंत आणलं. मधल्या प्रत्येक दुकानात माझी जांगडाची पद्धत सांगून झाली होती, त्यामुळे सगळे दारात उभे होते.

फाटकाशी बाई उभ्या होत्या. "इंद्रायणी, हे कोण गं मागं?"

"पप्पा हायेत," इंदू म्हणाली. "कुत्र्याला भितेत जरा. आता रोज संगं आणत जाईन. होईल सवय."