कॅम्पला वारस मिळाले

माणसानं माशाचा काटा गिळू नये. गिळलाच, तर निदान त्यानंतर आठवडाभर महत्त्वाचे निर्णय तरी घेऊ नयेत. मी दोन्ही गोष्टी एकाच दुपारी केल्या.

झालं असं, की कॅम्पच्या ओसरीवर जेवताना कॅटफिशचा काटा माझ्या घशात आडवा बसला. शेजारी बसलेल्या माझ्या जुन्या दोस्तानं, ड्युरेलनं, पाठीत असा गुद्दा घातला की काटा बाहेर आला. (त्याच्यासोबत माझी वरची कवळीही आली आणि खाली बायूत, म्हणजे आमच्या दलदलीतल्या संथ ओढ्यात, पडली. आता एखाद्या मगरीला बसत असेल.) श्वास परत आल्यावर मला इतकं भरून आलं, की मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "ड्युरेल, माझ्यामागे हा कॅम्प तुझा."

कॅम्प म्हणजे काय, तर बायूच्या काठी खांबांवर उभी असलेली पत्र्याची दोन खोल्यांची झोपडी. लोक तिला खोपट म्हणतात. मी आयुष्यभर साखर कारखान्यात कारकुनी केली ती शनिवारी तिथे जाऊन गळ टाकायच्या आशेवर. माझ्यामागे तिचं काय होणार, ही मला खरोखरची काळजी होती. माझी बायको युलाली हिला मासे ताटात आवडतात, पाण्यात नाही. तिची बहीण लफायेतला थंडगार फ्लॅटमध्ये राहते. मी गेलो, की माझ्या दिवसाच्या जेवणातला गम्बोचा रस्सा निवायच्या आत युलाली कॅम्प विकून बहिणीकडे जाणार, याची मला खात्री होती. ड्युरेलकडे गेला तर निदान गळ तरी पडत राहतील.

आमच्या लुइझियानात एक सोय आहे. मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहा, तारीख घाला, सही करा, झालं. साक्षीदार नको, शिक्का नको. (माणसाला इतकी सोय देऊ नये.) मी त्याच संध्याकाळी लिहून टाकलं आणि ड्युरेलखेरीज कुणाला सांगितलं नाही. ड्युरेलला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं, हे तेव्हा सुचलं नाही.

त्यानंतर ड्युरेल बदलला. आधी त्यानं कॅम्पवर स्वतःची आरामखुर्ची आणून ठेवली. मग त्याला माझ्या ब्लडप्रेशरची काळजी वाटू लागली. चाळीस वर्षं मला म्हातारा बोकड म्हणणारा हा माणूस आता "पायऱ्या जपून हं" म्हणू लागला. मी खोकलो की त्याची नजर छपराच्या पत्र्यांकडे जायची.

आणि एका रविवारी चर्चबाहेर तो युलालीला अगदी मनापासून म्हणाला, "वहिनी, पुढेमागेही कॅम्पवर येत जा हं. परकं मानू नका."

युलाली मला घेऊन तडक घरी आली. आमच्या घरात भांडी आपटली की मी निश्चिंत असतो, ती शांतपणे ठेवली गेली की मला घाम फुटतो. त्या दिवशी तिनं माझ्यापुढे ताट इतकं अलगद ठेवलं, की मी स्वतःहूनच सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "उद्या मॅडम लांद्रींकडे जाऊ."

मॅडम लांद्री म्हणजे गावातल्या वकीलबाई. जागा कधी घेतली होती, ते त्यांनी आम्हाला विचारलं. मी म्हटलं, लग्नानंतर, पण माझ्या पगारातून.

"लग्नानंतरची कमाई दोघांची," त्या म्हणाल्या. "पगार कुणाच्या का नावाचा असेना. कॅम्प अर्धा यांचा आहे. तुम्हाला द्यायचं असेल तर तुमचं अर्धं द्या."

मला धक्काच बसला. मी विचारलं, "मग माझ्या एकट्याचं असं काहीच नाही?"

"वडिलांकडून काही आलं होतं?"

"होडी आहे."

"गळकी," युलाली म्हणाली.

"ती मात्र संपूर्ण तुमची," मॅडम म्हणाल्या. "भोकांसकट."

मग युलालीनं शांतपणे विचारलं, की ती तिचं अर्धं कुणाला देऊ शकते. मूलबाळ नसल्यामुळे वाटेल त्याला, असं उत्तर मिळालं. निघताना मॅडम दारात आणखी काहीतरी सांगत होत्या, पण माझं लक्ष नव्हतं. मी मनातल्या मनात कॅम्प कुठून कापला जाईल ते बघत होतो.

दोन दिवसांनी युलालीनं सांगितलं, की तिचं अर्धं तिच्या बहिणीला. म्हणजे अर्मीनला.

अर्मीनबद्दल एवढंच सांगतो, की ती स्वर्गात गेली तर आधी दारावर बोट फिरवून धूळ बघेल. शनिवारी ती पडदे घेऊन कॅम्पवर हजर झाली. झालरीचे. ड्युरेल खुर्चीतून उठला आणि म्हणाला, मासेमारीच्या कॅम्पला पडदे कशाला, मासे काय खिडकीतून बघतात? अर्मीन म्हणाली, तिच्या अर्ध्या भागात ती काय वाटेल ते टांगेल, आणि खिडकी तिच्या अर्ध्यात येते. ड्युरेल म्हणाला, मग चूल त्याच्या अर्ध्यात येते, तिनं जेवण घरून आणावं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, तसली गत. इथे तर तुरीचे मालक समोर जिवंत बसले होते आणि हाणामारी भलत्यांचीच चालली होती.

भांडले तोवर बरं होतं. पुढच्या शनिवारी त्यांची दिलजमाई झाली. अर्मीननं झिंग्यांचं एतुफे, म्हणजे भातावर घ्यायचं दाट कालवण, करून आणलं, ड्युरेलनं तीनदा भात घेतला आणि पडद्यांना आपली हरकत नसल्याचं सांगितलं. जेवण झाल्यावर दोघांनी मिळून ठरवलं की डासांसाठी ओसरीला काचा लावायच्या, माझे गळ जिन्याखाली टाकायचे आणि माझा झोपाळा काढायचा.

"आत्ताच नको काढायला," अर्मीन दयाळूपणे म्हणाली. "भावोजी आहेत तोवर राहू दे."

मला एकदम फार वाईट वाटलं. मी उठून पायऱ्या उतरलो (ड्युरेल "जपून" म्हणाला) आणि खाली खांबांपाशी जाऊन उभा राहिलो. वादळात कॅम्प वाहून गेला होता त्या वर्षी हे खांब आम्ही दोघांनी परत रोवले होते. युलाली कमरेएवढ्या पाण्यात खांब धरून उभी होती. तोंडात खिळे होते म्हणून बोलत नव्हती, नाहीतर मला काय काय ऐकावं लागलं असतं. आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, माझा कॅम्प.

घरी गेल्यावर युलाली कोळंबी सोलत बसली होती. मी म्हटलं, "चुकलं माझं. अर्धा कॅम्प तुझा आहे, हे वकीलबाईंना सांगावं लागायला नको होतं."

"नकोच होतं," ती म्हणाली.

"मी माझा कागद फाडतो. मग काय होईल?"

"मॅडमनी दारात सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस. कागद नसला तर आपल्यातलं जे आधी जाईल त्याचं अर्धं दुसऱ्याला."

म्हणजे मी काहीच केलं नसतं तर सगळं ठीक होतं. हात दाखवून अवलक्षण याला म्हणतात. मी कागद फाडला आणि म्हटलं, "आता तुझा फाड."

"काय फाडू? मी लिहिलाच नाही."

"मग अर्मीन?"

"तिच्याकडे पडदे पडून होते. मी म्हटलं, लाव."

 मी भीत भीत विचारलं, "आणि मी आधी गेलो, तर सगळा कॅम्प तुझा. काय करशील?"

"विकीन," ती म्हणाली. कोळंबीवरची नजर तिनं काढली नाही. "तू नसताना त्या चिखलात मी कुणाशी भांडू? टिकवायचा असेल कॅम्प, तर तू टिक."

एवढं प्रेमाचं वाक्य ती लग्नातही बोलली नव्हती. मी गहिवरून हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं माझं मीठ, लोणी आणि डुकराचं मांस बंद केलं.

तेव्हापासून मी शनिवारी कॅम्पवर बसून बिनमिठाची उकडलेली भेंडी खातो. शेजारी ड्युरेल आपल्या खुर्चीत डुकराच्या मांसाचं गरम गरम बूदॅं सॉसेज खातो, आणि मागे झालरीचे पडदे हलतात. वारसा गेल्याचं त्याला मी समजावून सांगितलं. त्यानं ते मोठ्या मनानं घेतलं. माझ्या ब्लडप्रेशरची चौकशीही सोडून दिली. आता तो युलालीला विचारतो, "वहिनी, विकायचा झाला तर आधी मलाच सांगाल ना?"

ती "सांगीन" म्हणते, आणि माझ्या ताटात आणखी एक डाव भेंडी वाढते.