पालथा प्रधान आणि काडेपेटीएवढा पट

श्रीगजानन प्रसन्न, वीज हजर, भारनियमनाची घटका टळलेली, ऐशा सुवेळी शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, फाल्गुन वद्य पक्षी, पाडवा तीन दिवसांवर असता जे डोळां देखिले ते लिहितो. राज्याचे नाव सांगणे नाही, सीमा ऐका. पूर्वेस देवघर, पश्चिमेस मोरी, दक्षिणेस गॅसचा सिलिंडर आणि मध्ये ओटा, तीच राजधानी.

तेथे आबासाहेब करंजकर म्हणोन थोर पुरुष. पन्नास वर्षे घड्याळे दुरुस्त केली, मुलखाची बंद पडलेली काळवेळ चालती केली, परंतु स्वहस्ते घडविलेले, आपले आपण चालणारे ऐसे एकही यंत्र पदरी नाही, हे शल्य. त्यात उजव्या हातास कंप सुटला आणि डॉक्टरांनी बजाविले की पाडव्यापासून चिमटा धरणे नाही. मग त्यांच्या सूनबाई हेमलताबाई, ज्या तंत्रशाळेत शिकवीत, बोलिल्या, "मामंजी, चाकांचा, आपला आपण चालणारा छोटा गडी करू या. त्याला चालवणारा बाजारचा सर्किटचा पट मोठा, त्याच्या पाठीवर मावायचा नाही. आपण घरीच करू, काडेपेटीएवढा." आबासाहेब म्हणाले, "काडेपेटीत राज्य बसवता? बसवा तर!"

मग बाईंनी नकाशा काढिला. मध्ये प्रधान, म्हणजे आठ पायांची काळी चीप, हरभऱ्याएवढी, परंतु साऱ्या राज्याची अक्कल तिच्या पोटी. भोवती तांब्याचे रस्ते, दोऱ्याएवढे, आणि एक रस्ता दुसऱ्यास शिवला की राज्य बुडाले. काय ती आखणी, अबब! मग नकाशा गुळगुळीत कागदावर छापिला, आणि आबासाहेबांनी तो तांब्याच्या पाटीवर ठेवोन इस्त्री फिरविली, तो शाई तांब्यास चिकटली, आणि पाटी तांबे खाणाऱ्या पाण्यात बुडविली, आणि शाईखालचे तांबे तेवढे वाचले, बाकी विरघळोन गेले. आम्ही तोंडात बोट घातले.

आणि तेथेच घात जाहला. इस्त्रीने छाप उलटा उमटतो, म्हणोन नकाशा आधीच आरशातल्यासारखा छापावा लागतो; ते राहिले. डावे ते उजवे जाहले. पाटी एकच होती आणि दुसरी परगावाहून येईतो पाडवा उलटणार. बाईंनी कपाळास हात लाविला. "वर्गात शंभर वेळा ओरडून सांगते, मामंजी, आणि मीच विसरले हो!" आबासाहेब पाटीकडे पाहत बसले, आणि पाहता पाहता बोलिले, "रस्ते उलटे ना? मग प्रधानालाच पालथा घालू. पाय पाठीकडे वळवू."

"पाय एकदा वळेल, दुसऱ्यांदा तुटेल. आणि चीप एकच आहे."

"मग एकदाच वळवू," ऐसे म्हणोन त्यांनी चिमटा उचलिला. कंपाची लहर आली की थांबावे, ओसरली की एक पाय वळवावा, ऐसे सहा जाहले. सातव्यास कट्ट आवाज जाहला, बाईंनी डोळे मिटले; तो आबासाहेबांचा गुडघा वाजला होता! मग आठवाही वळला. आठही पाय शाबूत. ती शर्थ पाहून आमच्या अंगावर काटा आला, खोटे का सांगा?

मग बाकी मंडळी, म्हणजे बारके सुटे भाग, फिरवून बसविली आणि डाख दिला. हुकूमनामा, म्हणजे चालण्यावळण्याचा प्रोग्राम, बाईंनी प्रधानाच्या पोटी आधीच भरिला होता. सेल लाविला, आणि गडी चालो लागला! भिंतीशी गेला, भिंत ओळखिली, आपणहून वळला, आणि येता येता आबासाहेबांच्या पायापाशी येवोन थांबला. जन्मभर घड्याळांस अरे-तुरे करणाऱ्या आबासाहेबांनी हळूच पाय मागे घेतला आणि म्हणाले, "चला, आपण पुढे व्हा." तो पुढे जाहला. आबासाहेबांचे डोळे भरले, आमचेही.

एकूण चूक एक, पाय आठ, तुटला एकही नाही. पाडव्यास आबासाहेबांनी चिमटा पुसोन सूनबाईंच्या हाती दिला, आणि देताना हात थरथरला तो लपविला नाही. घडले तैसे लिहिले.