टिटवीबाईंचा राज्याभिषेक

एका जंगलात, बाळांनो, टुमाबाई नावाची एक टिटवी राहायची. आवाज असा, की झोपलेला डोंगर दचकून उठावा. आणि बाई लिहायच्या काय? अंगाईगीतं! हसू नका. पुस्तक धडाक्यात खपलं. घरोघरची पिल्लं पहिल्याच कडव्याला घोरू लागली.

प्रकाशक होते धोंडोपंत कोल्हे. एका पुस्तकाच्या ते दहा अळ्या घेत. त्यातली एक अळी बाईंना रॉयल्टी म्हणून द्यायची, असं ठरलं होतं. ठरलं होतं, एवढंच. इकडे बाईंची चार पिल्लं भुकेने चोची वासून बसलेली. शेवटी बाई लाज गुंडाळून ठेवून पंतांच्या दारात गेल्या.

पंतांनी बसायला दगड दिला, पाणी विचारलं आणि म्हणाले, आधी रॉयल्टी या शब्दाचं मूळ तर पाहू. लगेच घुबडशास्त्री आले. त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, की पूर्वी सगळ्या खाणी राजाच्या असत. खणणाऱ्याने राजाला वाटा द्यायचा. तो राजाचा हक्क, म्हणून त्याला हे नाव. पुढे तोच मान लेखकाकडे आला.

"म्हणजे पुस्तक ही माझी खाण आणि मी राणी," बाई हरखून म्हणाल्या. "टाका माझा वाटा."

पंतांनी तिथल्या तिथे मुजरा केला. "राणीसाहेब, राज्याभिषेकाशिवाय वाटा कसा घ्याल?"

झालं, हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी. इथे मेंढी नव्हती आणि लांडगाही नव्हता, पण म्हण आपली तीच. बाईंना पळसाच्या पानांचा मुकुट चढला. शाल झाली, श्रीफळ झालं, शास्त्रीबुवांचं दीड तास भाषण झालं. मग जंगलाची जुनी रीत निघाली, की अभिषेकाचं जेवण राजानेच घालायचं. बाईंच्या वाट्याच्या सगळ्या अळ्या पहिल्याच पंगतीत उठल्या. पंतांनी तर दोनदा मागून घेतलं.

पंखाखाली नारळ धरून, मुकुट सावरत बाई घरी आल्या. नारळ काही चोचीने फुटेना. बाईंना रडू आलं. मग त्यांनी पिल्लांना स्वतःची अंगाई म्हटली, पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत, दोन वेळा.

त्या अंगाईने सगळ्या जंगलाची पिल्लं झोपत. राणीसाहेबांची तेवढी जागी राहिली.

तात्पर्य : बाळांनो, शब्दांची मुळं जरूर शिका. मोठेपणी प्रकाशक झालात, तर फार उपयोगी पडतात.