भास्करराव अस्वलांचा कॉम्प्युटर का बंद पडायचा

एका जंगलात, बाळांनो, भास्करराव नावाचे एक अस्वल राहत होते. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? विशेष हे, की या अस्वलाने घरच्या घरी, स्वतःच्या पंजांनी कॉम्प्युटर जोडला. मदरबोर्ड, रॅम, पंखा, सगळं वेगवेगळं आणलं. जोडून झाल्यावर काही स्क्रू उरले. ते भास्कररावांनी गुपचूप खिशात टाकले. अस्वलाला खिसा असतो का, असं आत्ता विचारू नका.

बटण दाबलं. दिवा लागला! भास्करराव असे नाचले की शेजारच्या वारुळातल्या मुंग्या बिऱ्हाड हलवून गेल्या.

त्यांच्या पत्नी इंदूताई. त्यांना वस्तूंची भारी माया. त्यांच्या घरात रेडिओला झबलं आणि मिक्सरला परकर. त्यांनी लगेच जुन्या गोधडीचं जाडजूड कव्हर शिवलं, त्यावर मोर काढला, कॉम्प्युटरच्या डब्यावर ते चढवलं आणि नाडी करकचून बांधली.

"धूळ फार वाईट हो," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला.

काय? तुम्हाला कळलं? शाबास! आता तोंडावर बोट. अस्वलांना अजून कळायचंय.

नेमकी तेव्हाच त्यांच्या मुलीची, मंजिरीची, मुलाखत होती. डोंगरापलीकडे मधमाश्यांचं मोठं कोठार होतं. तिथे राखणदार व्हायचं, हे मंजिरीचं लहानपणापासूनचं स्वप्न. आजवर ही नोकरी एकाही अस्वलाला मिळाली नव्हती. का, ते मी सांगायला नको.

मुलाखत कॉम्प्युटरवरून सुरू झाली. राणीमाशीने चष्म्यावरून बघत विचारलं, "समोर मध दिसला, तर काय कराल?"

मंजिरीने तोंड उघडलं. पडदा काळा!

पुन्हा मुलाखत ठरली. पुन्हा तोच प्रश्न आला. पुन्हा पडदा काळा!

"मुलगी उत्तर टाळतेय," कोठारभर कुजबुज झाली. राणीमाशीने आता शेवटचीच संधी दिली.

"बाबा, दुकानातून जोडून आणला असता, तर काय बिघडलं असतं?" मंजिरी रडत म्हणाली. भास्कररावांना ते फार लागलं. त्यांनी खिशातले स्क्रू चाचपले.

मग त्यांनी जंगलाच्या ग्रुपवर विचारलं. माकड म्हणालं, रॅम काढून परत घाल. घातली. कोल्हा म्हणाला, विंडोज नव्याने टाक. टाकलं. रानम्हैस म्हणाली, एकदा बंद करून चालू कर. त्यातलं बंद करण्याचं काम कॉम्प्युटर आपणहून करतच होता.

शेवटी साळिंदराला बोलावलं. साळिंदर म्हणजे जंगलातला जाणकार. अंगावरच्या काट्यांत स्क्रूड्रायव्हर खोचूनच फिरायचा.

"थांबा भाऊजी!" इंदूताई धावल्या. "तुमचे हात तेलकट. माझ्या मोराला डाग पडेल." त्यांनी कव्हर काढलं आणि घडी घालून कपाटात ठेवलं.

कॉम्प्युटर दिवसभर सुरळीत चालला.

"याला काही झालेलं नाही," म्हणून साळिंदर गेला. कव्हर चढलं. कॉम्प्युटर आडवा! साळिंदर परत आला. कव्हर उतरलं. कॉम्प्युटर टुणटुणीत!

"अहो, हा भाऊजींना घाबरतो!" इंदूताई म्हणाल्या.

भास्कररावांना ते शंभर टक्के पटलं.

म्हणून मुलाखतीच्या दिवशी साळिंदराला कॉम्प्युटरशेजारी पाटावर बसवलं. पुढ्यात थालीपीठ ठेवलं, वर लोण्याचा गोळा. तेलकट हात अर्थातच होते, त्यामुळे मोर कपाटात.

"समोर मध दिसला, तर काय कराल?" राणीमाशीने विचारलं.

"बाई, खरं सांगू? जीभ बाहेर येईल," मंजिरी म्हणाली. "मग ती आत घेईन आणि बरणीला झाकण लावीन."

राणीमाशी खो खो हसली. नोकरी पक्की झाली! भास्कररावांनी आनंदाच्या भरात साळिंदराला घट्ट मिठी मारली. ती मात्र चूकच झाली.

आरडाओरडा संपल्यावर साळिंदर निघाला. दारात त्याने सहज मागे वळून पाहिलं. इंदूताई कव्हर चढवून नाडी आवळत होत्या.

साळिंदर थबकला. त्याच्या सगळं लक्षात आलं. तो सांगणारच होता, पण तेवढ्यात त्याला थालीपिठाची ढेकर आली. साळिंदर हुशार होता. त्याने तोंड मिटलं, जरा विचार केला आणि मग उघडलं.

"वहिनी, काय देखणं कव्हर आहे हो! जंगलात सगळ्यांना शिवून द्या की."

आता जंगलात घरोघरी मोर आहेत. इंदूताईंना शिवणकामातून उसंत नाही. साळिंदराची न्याहारी सशाकडे, जेवण हरणाकडे आणि चहा रानम्हशीकडे असतो. तो इतका फुगलाय की त्याचे काटे आता एकमेकांना लागत नाहीत. आणि सगळं जंगल म्हणतं, असा जाणकार होणे नाही. नुसता येऊन बसला, तरी यंत्र चालतं!

तात्पर्य: नव्या वस्तूला धुळीपासून जपावं. तरीही ती बंद पडलीच, तर बिघाड शोधत बसू नये. बिघाड ज्याला ठाऊक आहे, त्याला पोटभर जेवू घालावं, म्हणजे तो कुणालाही सांगत नाही.