बावीस घरांचं डेन्मार्क

विनय डेन्मार्कवर भाळला तो मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे. एवढासा देश, युरोपियन युनियनमध्ये आहे, पण चलन स्वतःचं! विनय अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या बावीस घरांच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. शेजारच्या कॅरी गावातल्या चारशे घरांच्या मंडळाने एकत्र गणपतीचा प्रस्ताव पाठवताच त्याने उत्तर धाडलं: मूर्ती एक, हॉल एक, पार्किंग एक, पण किचन वेगळं, नैवेद्याचं ताट वेगळं, आणि तुमच्या एकाही कमिटीत आम्ही नाही. बावीस घरांनी हात वर करून ते मंजूर केलं. विनय आठवडाभर ताठ मानेने फिरत होता.

चतुर्थीला बाराची आरती. अकरा चाळीसला विनयच्या बायकोने, पद्मिनीने, चार इलेक्ट्रिक स्टीमर एकदम लावले आणि बावीस घरांच्या वेगळ्या किचनमध्ये अंधार झाला.

"ब्रेकर पडला! विनय, मोदक सुकतायत, चिरा पडतील. काहीतरी कर!"

"बाबा, जस्ट आस्क देम," त्याची मुलगी अनिका म्हणाली.

ब्रेकरच्या खोलीची किल्ली कॅरीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे रवींद्रकाकांकडे होती. विनय धावत स्टेजपाशी गेला.

"किल्ली फक्त हॉल कमिटीला देता येते रे, इन्शुरन्सचा नियम," काका शांतपणे म्हणाले. "तुमचं कोण आहे कमिटीवर?"

"कोणीच नाही. आम्ही ऑप्ट-आउट केलं ना."

"हो, ईमेल वाचली. ड्राफ्टिंग छान होतं."

"काका, प्लीज! मला आत्ता मेंबर करा."

"त्याला मीटिंग लागते."

काकांनी कमिटीतल्या तिघांना बाजूला बोलावलं. घड्याळात अकरा त्रेपन्न. नैवेद्याशिवाय आरती झाली तर बावीस घरं विनयला दारात उभं करणार नव्हती.

"मंजूर," काका परत येत म्हणाले. "अट एकच. नैवेद्याचं ताट एकत्र."

नेमकं ज्यासाठी मतदान घेतलं, तेच! विनयने डोळे मिटून सही केली. दिवे लागले, स्टीमर कुरकुरत तापले. काकांनी आठवतील तेवढ्या आरत्या म्हणवून घेतल्या आणि एकवीस मोदक वाफाळत ताटात आले.

विनय ते ताट घेऊन कॅरीच्या मोठ्या किचनमध्ये गेला. तिथे वरण होतं, भात होता, भाज्या होत्या. मोदकांचे ट्रे मात्र रिकामे होते.

"काका, तुमचे मोदक?"

"कॅटररची व्हॅन हायवेवर बंद पडलीय. साडेअकरालाच फोन आला," काका ताट हातात घेत म्हणाले. "तुझ्यापुढे हात पसरायला निघालोच होतो. तेवढ्यात तूच आलास."

"बाबा," अनिका म्हणाली, "यू शुड हॅव वेटेड टू मिनिट्स."

घरी जाताना गाडीत डेन्मार्कचं नाव कोणी काढलं नाही.