ढग पळवणाऱ्या यंत्राची चौकशी

आमच्या शेजारच्या गोदामावशींना कुठलीही बातमी सांगा, त्या आधी विचारणार, "कुणी सांगितलं?"

मला मुलगी झाली तेव्हा लातूरहून पेढे घेऊन मी थेट त्यांच्या दारात गेलो. मावशींनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

"मुलगी झाली म्हणून कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"तुम्ही बघितली का, गुरुजी?"

"काचेतून बघितली."

"मग हाय म्हणा," असं म्हणून त्यांनी पेढा खाल्ला.

रेणापूरजवळच्या आमच्या गावात त्यांनी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. बाळाला जुलाब झाले की पाणी बंद करा, असा जीवघेणा सल्ला तेव्हा लोक घरोघरी ठासून द्यायचे. मावशी त्या सल्ल्याचा माग काढत घरं पालथी घालायच्या. ऐकीव गोष्टींशी त्यांचं वैर ते तेव्हापासूनचं.

एका वर्षी निम्मा जुलै सरला तरी पाऊस नव्हता. गावाबाहेर नुकतंच हवामान मोजायचं यंत्र बसलं होतं. एक खांब आणि वर गरगरणाऱ्या तीन वाट्या. मग मोबाइलवर एक व्हिडिओ आला. या वाट्या वारा फेकून ढग पळवतात, हवामान बदल वगैरे सगळं थोतांड आहे! दोन दिवसांत गावाला पटलं. सोयाबीन माना टाकत होतं आणि राग काढायला खांब समोरच होता. तो उपटायचा ठराव करायला ग्रामसभा बोलावली. पीकविमा त्याच खांबाच्या आकड्यांवर मिळणार आहे, हे मी सांगून पाहिलं. "गुरुजी, तुम्ही पगारदार माणूस," एवढंच उत्तर मिळालं.

मावशी चौकशीला निघाल्या. सलूनवाल्या दत्ताला गाठलं, तेव्हा त्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर होता.

"कुणी सांगितलं?"

"डेअरीवाल्या बापूनं, मावशे."

बापू म्हणाला, "गावच्या ग्रुपवर आलंय."

"ग्रुपवर कुणी टाकलं?"

बापूनं मोबाइल चाळला आणि पालथा ठेवला. "ऱ्हाऊ द्या की मावशी."

"नाव सांग."

"पुण्याहून... तुमच्या सुधाकरनं."

सुधाकर मावशींचा एकुलता एक मुलगा.

ग्रामसभेत मावशी उठल्या. "ह्यो व्हिडिओ माझ्या पोरानं टाकलाय. त्यालाच इचारू." आपल्या साध्या फोनवरून नंबर लावला आणि फोन माइकला टेकवला.

"सुधाकर, यंत्र ढग पळवतंय, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुठलं यंत्र, आई?"

"तू टाकलेल्या व्हिडिओतलं."

"आला म्हणून पुढं ढकलला. म्या पुरा बघितला बी न्हाई. का गं?"

सगळी सभा फिसकन हसली. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं तरी नेट धरला, "पर गोदाबाई, पाऊस न्हाई हे तर खरं हाय?"

"हाव, खरं हाय. पर खांब औंदा बसलाय. मिरगाचा पाऊस चुकाया लागून किती वर्सं झाली? आठ दिवसांचा पाऊस एका दुपारी पडाया लागला, तवा कुठं व्हता खांब? पोराला ताप आला म्हणून थर्मामीटर फोडता का?"

ठराव बारगळलाच, वर खांबाला तारेचं कुंपण घालायचं ठरलं. पहिला हात दत्तानं वर केला. सरपंचपदाची निवडणूक जिंकल्यासारखं लोकांनी मावशींना घरी पोचवलं. कुणीतरी हलगीसुद्धा काढली!

गर्दी पांगल्यावर मी म्हणालो, "मावशी, सुधाकरला बरोबर पकडलंत."

"आवाज बरा वाटला त्याचा," त्या म्हणाल्या. "दिवाळीपास्नं फोन न्हाई." मग दाराची कडी काढत, "गुरुजी, मला बी तसला मोठा मोबाइल आणून द्या. त्या ग्रुपमधी घाला."

"तुम्हाला? अहो, तिथं नुसत्या अफवा असतात."

"असू द्या. रोज सकाळी काय तरी टाकतो म्हणं त्यो. पोरगं उठलंय, एवढं तर कळंल."