चोवीस उजव्या हातांची तूट

शर्वरीने उंटाला शेपूट जोडलं आणि चित्र साठवायला गेली, तेव्हा संगणकाने जागा शिल्लक नसल्याचं कळवलं. तिने दोन जुन्या फायली उडवल्या. उंट बसला, पण उंटवाला बाहेर राहिला.

शर्वरी मोहिते लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. नागरवाड्यातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळ तिचं टेबल होतं. नऊ वर्षांत तिने झाडं, माठ, बकऱ्या, ढग, ट्रॅक्टर, माणसांचे चेहरे असं जे जे काढलं ते सगळं जपून ठेवलं होतं. नवं पुस्तक आलं की जुन्यातलंच काही घेऊन ती नवी चित्रं जुळवायची. असे एकेचाळीस हजार तुकडे संगणकात होते आणि त्यांना 'झाड नवीन', 'झाड नवीन २', 'झाड हेच', 'बघू नंतर' अशी नावं होती. बकऱ्या 'दिवाळी सजावट'मध्ये का आहेत ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. पण बकऱ्या तिथे आहेत हे मात्र तिला पक्कं माहीत होतं, आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं.

या खेपेला अहमदाबादच्या एका प्रकाशनाचं, गावच्या मेळ्यावरचं अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक होतं. तिथल्या नयनाबेननी पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी सकाळी अकराची वेळ दिली होती. मागचं पुस्तक शर्वरीने नऊ दिवस उशिरा दिलं होतं, त्यामुळे या वेळी नयनाबेन गोड आवाजात एवढंच म्हणाल्या होत्या, "आ वखते मोडुं थाय तो चालसे नहीं, हं बेन." उशीर झाला तर पुढची चार पुस्तकं दुसऱ्या कुणाकडे जाणार, हे दोघींनाही न बोलता समजलं होतं.

आणि मधेच इंदूरला मावसबहिणीचं लग्न होतं. चार दिवस.

"एकूण नग किती आहेत?" हॉलमधून सासऱ्यांनी विचारलं.

जयवंतराव रिफायनरीच्या स्टोअर्समधून निवृत्त होऊन सात महिने झाले होते. चौतीस वर्षांत त्यांच्या ताब्यातून एक नटसुद्धा हरवला नव्हता, असं ते म्हणत आणि ते खरं होतं. या सात महिन्यांत त्यांनी घरातली डाळी-तांदळाची फळी, शर्वरीचा नवरा पीयूष याचे मोजे आणि सोसायटीच्या गच्चीवरची अडगळ लावून टाकली होती. आता घरात लावण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि म्हणून त्यांची तब्येत जरा उतरली होती.

शर्वरीने आकडा सांगितला. जयवंतरावांचा चेहरा उजळला. तू निश्चिंत लग्नाला जा, आल्यावर तुला तुझं भांडार ओळखू येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. काहीही फेकायचं नाही, एवढं वचन तिने घेतलं. ते देताना त्यांना थोडा अपमान वाटला. फेकणं वेगळं आणि लावणं वेगळं, हे तिला कुणी शिकवलंच नसावं.

शर्वरी इंदूरला गेली आणि पीयूषने वडिलांना एक युक्ती दाखवली. शंभर फायली एकदम निवडून एका झटक्यात सगळ्यांना क्रमांकवार नावं देता येतात. जयवंतराव बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. ही सोय त्यांना नोकरीत असताना मिळाली असती तर त्यांनी निवृत्तीच घेतली नसती.

पहिल्या दिवशी त्यांनी चार खाती पाडली. चल, अचल, भंगार आणि चौकशीखाली. चल म्हणजे ज्याला मागणी आहे तो माल, अचल म्हणजे तीन वर्षांत ज्याला हात लागला नाही तो. शंभर-शंभरचे गठ्ठे करायचे, गठ्ठ्याला क्रमांक द्यायचा आणि त्यात काय आहे ते रजिस्टरमध्ये हाताने लिहायचं. दुपारी ते आडवे झाले तेव्हा शर्वरीच्या सासूबाईंनी, प्रतिमाताईंनी, काम पुढे चालवलं. त्यांनी उंट, सायकली आणि धावणारी मुलं चलमध्ये घातली, देवळं आणि झाडं अचलमध्ये. जयवंतराव उठले आणि त्यांनी ती खाती पाहिली. संसाराला छत्तीस वर्षं झाली होती. पाचशे उंट-सायकली त्यांनी पुन्हा मुकाट्याने तपासल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना सुटे हात सापडले. नुसते हात. मग डोळे, नाकं, मिशा. प्रतिमाताईंना कसंसंच झालं, पण जयवंतरावांना प्रथमच सुनेच्या कामाबद्दल आदर वाटला. सुटे भाग वेगळे ठेवणं ही चांगल्या भांडाराची खूण होती. त्यांनी मोजणी केली. डावे हात दोनशे बारा भरले आणि उजवे एकशे अठ्ठ्याऐंशी. चोवीस उजव्या हातांची तूट होती. त्यांनी तीनदा मोजलं आणि रात्री जेवताना पीयूषला विचारलं, की शर्वरी कुणाला हात उसने वगैरे देते का.

शर्वरी परतली तेव्हा टेबलावर दोन नव्या डिस्क, तीन रजिस्टरं आणि हातांच्या तुटीबद्दल भरायचं एक खुलासापत्र होतं. तिने सांगितलं की डावा हात आरशातल्यासारखा उलटवला की उजवा होतो, म्हणून उजवे कमी काढलेत. जयवंतरावांनी ते लिहून घेतलं आणि तिची सही घेतली.

मग तिने संगणक उघडला. जागा पूर्वी होती तेवढीच शिल्लक होती, म्हणजे जवळजवळ नव्हतीच.

"बाबा, तुम्ही काढून काय टाकलंत?"

"काही नाही. तूच म्हणालीस ना? आणि तसंही भंगार एकट्याच्या सहीने जात नाही. तीन माणसांची समिती लागते."

उलट सगळ्याच्या आणखी दोन प्रती झाल्या होत्या. पांढरी प्रत संगणकात, गुलाबी चिठ्ठीची डिस्क तिच्या टेबलावर आणि पिवळ्या चिठ्ठीची त्यांच्या लोखंडी कपाटात, कुलपात. आवरून आवरून एकेचाळीस हजार नगांचे एक लाख तेवीस हजार झाले होते. शर्वरी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली आणि जराशी तिथेच उभी राहिली.

मेळ्याची अर्धी पानं बाकी होती. तिला हातपंप हवा होता आणि हातपंपाचं नाव आता 'चल-०७-११-०४३' होतं. रजिस्टर जयवंतरावांकडे होतं. त्यांनी छापील मागणीचिठ्ठ्यांचं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. माल, नग, कारण, सही. वेळ दहा ते एक आणि दोन ते पाच, रविवारी बंद. घरातल्या घरात चिठ्ठी कशाला, असं तिने विचारलं, तेव्हा घरातल्या माणसांनीच भांडारं बुडवलेली आपण पाहिली आहेत, असं ते शांतपणे म्हणाले.

तिने चिठ्ठ्या लिहिल्या. 'हातपंप, एक. कारण: पान २७, पाणी.' 'फुगेवाला, एक. कारण: पान ३०, फुगे.' राग आणणारी गोष्ट ही होती, की माल मिनिटभरात मिळत होता. पूर्वी हातपंप शोधायला तिचा अख्खा तास जायचा. तिने हे त्यांच्यापाशी कबूल केलं नाही.

रोज पाच वाजता जयवंतराव दिवसाची शिल्लक जुळवत आणि नवा माल पिवळ्या डिस्कवर उतरवून ती कपाटात ठेवत. काही आक्षेप असला तर पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवत. 'खुलासा करावा.' शर्वरीने पहिल्या एक-दोन वाचल्या; त्या मिशांच्या मोजणीबद्दल होत्या. नंतर न वाचताच काढून टाकू लागली. गुरुवारी तर तिने गुलाबी डिस्क सरळ पुसून जड चित्रांसाठी वापरायला घेतली. तिलाही तिच्या घरात काही अधिकार होते.

रविवारी सकाळी पीयूषने सेवउसळ आणली. उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत, होऊन दोन आठवडे झाले तरी खिडकीबाहेरच्या तारांवर पतंगांची लक्तरं लोंबत होती आणि थंडी चांगली होती. शर्वरी शाल गुंडाळून शेवटच्या पानाला बसली. मेळ्याची सगळी गर्दी, एकशे सोळा माणसं. दुपारी तीनला पान पूर्ण झालं आणि संगणक म्हणाला, जागा नाही. गुलाबी डिस्कही भरली होती.

आता कुणाची समिती नव्हती. भांडारपाल जेवून झोपले होते. शर्वरीने भंगाराचं खातं निवडलं आणि उडवलं. केराची टोपली भरली, तीही रिकामी केली. खरोखर पुसायचं का, असं संगणकाने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने ठामपणे हो म्हटलं. दहा दिवसांत इतकं बरं तिला वाटलं नव्हतं.

शेवटचं पान साठवलं. मग आधीची सत्तेचाळीस पानं एकत्र करायला ती गेली आणि ती कुठेच नव्हती.

ती घाईत असली की पडद्यावर जी खिडकी उघडी असेल तिच्यातच काम ठेवून द्यायची. नऊ वर्षांची सवय होती. सोमवारी परत आल्यावर बाबांनी भंगारात काय काय ढकललंय ते बघायला तिने ते खातं उघडलं होतं आणि ते तसंच उघडं राहिलं होतं. आधीची निम्मी पानंही सगळी एका जागी असावीत म्हणून तिने त्यातच ओढून घेतली होती आणि तेव्हापासून प्रत्येक तयार पान तिने स्वतःच्या हाताने भंगारात नेऊन ठेवलं होतं. टेबलाखाली चुरगळलेली एक चिठ्ठी तिने आता उलगडून वाचली. 'तयार माल भंगारात आढळतो. खुलासा करावा.' तिसरी सूचना होती.

गुलाबी डिस्क तिने स्वतःच पुसली होती. राहिली पिवळी.

हॉलमध्ये जयवंतराव नुकतेच उठून चहा घेत होते. शर्वरी समोर येऊन उभी राहिली. प्रतिमाताईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातली बशी खाली ठेवली.

"बाबा, पुस्तक गेलं. मीच पुसलं."

जयवंतरावांनी चहा अर्धाच सोडला. कप ठेवला, खिशातून किल्ली काढली, कपाट उघडून डिस्क तिच्या हातात दिली. ती सवयीने चिठ्ठीपुस्तकाकडे वळली, तर ते म्हणाले, "आगीच्या वेळी आधी माल, मग कागद. जा तू." रविवार असल्याचा विषयही त्यांनी काढला नाही.

शनिवारी पाच वाजेपर्यंतचं सगळं त्या डिस्कवर होतं, क्रमाने, पान एक ते सत्तेचाळीस. सोमवारी सकाळी पावणेअकराला पुस्तक अहमदाबादला गेलं. पावणेबाराला नयनाबेनचा फोन आला. सरस झालंय, म्हणाल्या, आणि या वेळी वेळेत कसं काय जमलं, असंही त्यांनी विचारलं. शर्वरीने एकदा हॉलकडे पाहिलं आणि सांगितलं की आता तिच्याकडे स्टोअर्स खातं आहे.

दोन वाजता भांडार उघडलं तेव्हा ती स्वतःहून चिठ्ठी लिहायला बसली. माल: पुस्तक. नग: एक. कारणाच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. मग तिने लिहून टाकलं, 'माझा निष्काळजीपणा. सूचना वाचल्या नाहीत. स्वतःच्या हाताने नष्ट केलं.' आणि चिठ्ठी पुढे सरकवली.

जयवंतरावांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली. पेन काढलं, पट्टी घेतली आणि कारणाच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. वर बारीक अक्षरात लिहिलं, 'उष्णतेमुळे नैसर्गिक घट.'

"हे काय, बाबा?"

"पेट्रोलची टाकी कितीही बंद ठेवली तरी मे महिन्यात थोडं हवेत उडतंच," ते म्हणाले. "त्याला कुणी जबाबदार नसतं. रजिस्टरमध्ये त्याचं वेगळं सदर असतं."

शर्वरीने अंगावरची शाल सारखी केली. बाहेर जानेवारीचं बेताचं ऊन पडलं होतं. हॉलच्या दारात उभ्या असलेल्या प्रतिमाताईंनाही हे दिसत होतं, आणि चौतीस वर्षांत या माणसाने कागदावर एक खोटं अक्षर लिहिलेलं नाही हेही त्यांना ठाऊक होतं. त्या आत वळल्या.

जयवंतरावांनी चिठ्ठी शर्वरीकडे फिरवली आणि खोडलेल्या ओळीच्या शेजारी बोट ठेवलं.

"इथे सही कर," ते म्हणाले. "खाडाखोडीवर दोघांची लागते."